लवट्यांचा रुमाल

कुंभारीच्या थांब्यावर सकाळची एसटी यायची ती थांबायला नव्हे, माणसांची परीक्षा घ्यायला. ड्रायव्हरनं वेग जरा कमी केला की दारात कुस्तीचा फड लागायचा. कुणाची चप्पल राहायची, कुणाचा डबा राहायचा, आणि एकदा तर एका गृहस्थांचं धोतर खाली राहून गृहस्थ तेवढे सोलापूरला पोचले. भगवान लवटे या कुस्तीत कधी उतरले नाहीत. ते शांतपणे गाडीच्या बगलेला जायचे, खांद्यावरचा लाल काठाचा रुमाल हातात घ्यायचे, एक डोळा बारीक करायचे आणि चालत्या गाडीच्या खिडकीतून रुमाल आत सोडायचे. तो हवेत असा काही वळायचा, की आत शिरून, उभ्या माणसांना वळसा घालून, तिसऱ्या बाकावर घडी न मोडता बसायचा. गाडीच्या सगळ्या खिडक्या बंद असताना तो कंडक्टरच्या बगलेतून शिरलेला मी पाहिला आहे. लोक म्हणतात, थापा मारू नका. मी म्हणतो, कंडक्टरला विचारा.

रुमाल पडला की जागा झाली. मग लवटे सगळ्यात शेवटी, दोन्ही हात मागे बांधून, सासुरवाडीला आल्यासारखे गाडीत चढायचे.

आम्ही दोघे एकाच टॉवेलच्या कारखान्यात, एकाच हपिसात कामाला होतो. मी बिलं करायचो म्हणून त्यांच्या लेखी माझं नाव ‘बिलवाले’. आईबापांनी ठेवलेलं नाव त्यांनी पंधरा वर्षांत एकदाही तोंडातून काढलं नाही. ते स्वतः मूळचे करमाळ्याकडचे. घर मेंढरांचं, वडील रानोमाळ कळप घेऊन हिंडलेले. हे मात्र शिकले, सोलापुरात आले आणि खुर्चीला चिकटले. त्या चिकटण्याचीच ही गोष्ट आहे.

आमच्या हपिसात एक फाइल होती. नाव ‘प्लॅन’. कुठल्या मागावर कुठला रंग चढायचा, कुठली ऑर्डर कधी रवाना व्हायची, सगळं तिच्यात. ती एका मोठ्या कॉम्प्युटरवर ठेवलेली आणि बाकीची आम्हा सगळ्यांची यंत्रं त्याला जोडलेली. सगळ्यांना तीच फाइल लागायची. पण तिची अट अशी, की जो पहिला उघडेल त्यानं लिहायचं, बाकीच्यांनी नुसतं वाचायचं. दुसरा कुणी उघडायला गेला की पडद्यावर इंग्रजीत पाटी यायची. अर्थ सगळ्यांना पाठ झाला होता : ही फाइल लवटे यांच्याकडे उघडी आहे, तुम्ही फक्त वाचा.

कारण पहिले लवटेच. हपिसात शिरल्यावर पिशवी खुंटीला अडकवायच्या आधी त्यांचा हात माऊसवर. फाइल उघडायची, खांद्यावरचा रुमाल काढून कॉम्प्युटरच्या डोक्यावर टाकायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, “टाकला गं बाई रुमाल!”

मग दिवसभर आमची आरडाओरड.

“लवटे, उठा!”

“बसलोय कुटं? जरा टेकलोय.”

“मला दोन ओळी लिहायच्यात हो.”

“या की. दोन ओळी ल्ह्या अन् निघा. मुक्काम करू नका.”

ते फाइल बंद करायचे, समोरचा उघडायचा, लिहायचा, बंद करायचा, आणि हे पुन्हा टेकायचे. 

याला कारण होतं. पूर्वी लवटे असे पहारा देत नसत. ज्याला फाइल मिळायची नाही तो आपली वेगळी प्रत करून ठेवायचा. ‘प्लॅन फायनल’. मग दुसऱ्याची ‘प्लॅन फायनल खरा’. तिसऱ्याची ‘प्लॅन फायनल देवाशपथ’. पुढं एका बड्या हॉटेलची पांढऱ्या टॉवेलांची ऑर्डर आली. एका प्रतीत पांढरा होता, दुसरीत चुकून राणी कलर. रंगखात्यानं नेमकी दुसरी प्रत बघितली. हॉटेलनं माल परत धाडला. ते टॉवेल कारखान्यानं आम्हाला, शेजाऱ्यांना, पाव्हण्यांना, दिसेल त्याला वाटले. त्या उन्हाळ्यात अर्धं सोलापूर राणी रंगाच्या टॉवेलनं अंग पुसत होतं. म्हशी पुसल्या, रिक्षा पुसल्या, आणि एका लग्नात तर नवरदेवाच्या खांद्यावर शेला म्हणून तोच. 

तेव्हा लवट्यांनी शपथ घेतली, की फाइल आपण एकट्यानं राखायची. म्हणाले, “बिलवाले, आमचा बाप संध्याकाळी मेंढरं वाघरीत घालायचा. वाघर म्हंजी जाळ्याचं कुंपन. दारात एकटा हुबा राहून मोजायचा. मी म्हनायचो, मीबी मोजू का? तो म्हनायचा, दोगं मोजाया लागले की एक मेंढरू दोनदा मोजलं जातं, अन् एक मोजायचं ऱ्हातं. अन् जे ऱ्हातं, नेमकं तेच लांडगा नेतो.”

“पण माणसानं दारातच उभं राहायचं का जन्मभर?”

“ते बापाला इचारायचं ऱ्हाऊन गेलं,” लवटे म्हणाले आणि फाइलकडे वळले.

कुणीतरी मालकांना सुचवलं होतं, की अशा फायली आता ढगावर ठेवतात, सगळे एकदम लिहू शकतात. मालक म्हणाले, “ढग? सोलापुरात? इथं ढगाचा भरवसा शेळीसुद्धा धरत नाही.” विषय संपला.

लवट्यांचं जेवण खुर्चीत. कडक भाकरी अशी मोडायचे की शेजारच्या खात्यात माग तुटला समजून माणसं धावत यायची. शेंगाचटणीचा चुरा त्यांच्या कीबोर्डात इतका साठला होता, की अडीअडचणीला तो उलटा करून झटकला असता तर चौघांचं जेवण भागलं असतं. आणि फोन कायम स्पीकरवर, कारण एक हात माऊसवर आणि दुसऱ्यात भाकरी. त्यामुळं त्यांचा संसार आम्हा सगळ्यांना पाठ.

त्या संसारातच खरी गाठ होती. मुलीचं लग्न झाल्यावर सुमनवहिनी करमाळ्याकडं गावी गेल्या. शेळ्या घेतल्या, गोठा बांधला. ठरलं होतं असं, की वहिनींनी पुढं व्हायचं आणि लवट्यांनी नोकरी सोडून मागनं यायचं. वहिनी पुढं झाल्या. लवटे मागंच राहिले. शेळ्यांना करडं झाली, करडांच्या शेळ्या झाल्या, त्यांना करडं झाली, तरी लवटे आपले कुंभारीच्या खोलीत एकटे, हातानं भाकऱ्या थापतायत.

“कवा येताय?” फोनमधून वहिनी.

“मालक सोडंना झालेत गं. फाइल हाय न्हवं.”

“फाइल, फाइल! त्या बयेचं नाव तरी काय?”

“प्लॅन.”

“आडनाव?”

आम्ही सगळे तोंडात रुमाल कोंबून हसायचो. वहिनी पुढं म्हणायच्या, “म्या सवत नांदवनार न्हाय, सांगून ठेवते. एक तर ती ठेवा, न्हायतर मला.” पहिल्यांदा म्हणाल्या तेव्हा थट्टा होती. नंतर नंतर त्या म्हणायच्या आणि पाठोपाठ फोन बंद व्हायचा. त्यानंतर लवटे बराच वेळ भाकरी मोडायचे नाहीत.

मालकांकडं ते तीनदा गेले. दर वेळी मालक आपल्या पडद्याकडं बोट दाखवायचे. “हे बघा लवटे. मी फाइल उघडतो, नाव तुमचं. सकाळी तुमचं, दुपारी तुमचं. सगळा कारखाना तुमच्या खांद्यावर आहे. तुम्हाला सोडलं तर मी काय करू?” एवढी स्तुती कानावर पडल्यावर माणूस राजीनामा कसा देणार? लवटे बाहेर यायचे ते छाती फुगवून आणि मान खाली घालून. हे दोन्ही एकदम करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पण अलीकडं एक वेगळंच सुरू झालं होतं. आम्ही ओरडायचो, “लवटे, उठा!” आणि ते म्हणायचे, “मी उठलोय की!”

“मग पाटी काय खोटं बोलते?”

“अवो, बंद केली मी. हे बगा.” 

त्यांच्या पडद्यावर खरंच काही नसायचं. आमच्या पडद्यावर मात्र लवटेच. मग आम्ही म्हणायचो, वय झालं लवटे, उघडी ठेवता आणि विसरता. आणि एके दिवशी तर कहर झाला. चहा पिऊन ते जागेवर आले, फाइल उघडायला गेले आणि त्यांच्याच पडद्यावर पाटी आली : ही फाइल लवटे यांच्याकडे उघडी आहे, तुम्ही फक्त वाचा.

लवट्यांनी ती पाटी वाचली. पुन्हा वाचली. मग मागं वळून बघितलं.

“बिलवाले, मी हितं हाय न्हवं?”

“आहात.”

“मग तितं कोन हाय?”

हपिस हसून हसून टेबलाखाली गेलं. लवटे हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी वहिनींच्या सांगण्यावरून त्यांनी मिरच्या आणि मीठ आणून कॉम्प्युटरवरून ओवाळलं आणि तिथंच जाळलं. त्या ठसक्यानं मागावरच्या बायका खोकत बाहेर आल्या, आणि मालकांना वाटलं संप झाला. उपयोग मात्र झाला नाही. पाटी येतच राहिली. 

त्यानंतर लवटे बदलले. उठेनासे झाले. चहाला येईनात. मी विचारलं तर हळूच म्हणाले, “बसून ऱ्हायलं म्हंजी निदान ठाऊक असतं, की फाइल आपल्याकडंच हाय. उठलो की इसरतो, असं तुमीच म्हनता न्हवं? डोकं गेलं तर गावाकडं जाऊन तरी काय करू? शेळ्या मोजाया बसवतील मला, अन् मी एकच शेळी चारदा मोजीन.” 

पूर्वी ते फाइल धरून बसायचे. आता फाइल त्यांना धरून बसली होती.

शेवटी वहिनींचा फोन आला. आरडाओरड नाही, टोमणा नाही. “कमळाभवानीची जत्रा आलीया. जत्रेपातूर आलात तर आलात. न्हाय आलात तर मग येऊबी नका. म्या काय म्हननार न्हाय.” आणि फोन ठेवला.

लवटे उठले. मालकांच्या केबिनमध्ये गेले आणि पहिल्यांदाच मान वर करून बोलले. काय बोलले ते दार बंद असल्यामुळं मला दारापाशी वाकून ऐकावं लागलं. मालक म्हणाले, “ठीक आहे. म्याकल मॅडमना शिकवा. ज्या दिवशी तुमचं नाव न येता फाइल त्यांच्या हातात उघडेल, त्या दिवशी तुम्ही मोकळे.”

म्याकल मॅडम म्हणजे आमच्या यार्नखात्याच्या. विणकर घरातल्या, घरात तेलुगू, हपिसात मराठी, आणि राग आला की दोन्ही. त्या चटकन शिकल्या. जत्रेच्या आदल्या दिवशी परीक्षा ठरली. लवटे सकाळीच पिशवी भरून आले होते. दुपारची करमाळ्याची गाडी पकडायची होती.

सगळं हपिस गोळा झालं. लवट्यांनी फाइल बंद केली. कॉम्प्युटर बंद केला. बटण दाबलं, वायर उपटली, आणि ती वायर साप धरल्यासारखी हातात घेऊन उभे राहिले. “हं मॅडम, उगडा.”

मॅडमनी उघडली.

ही फाइल लवटे यांच्याकडे उघडी आहे.

“अय्यो!” मॅडम म्हणाल्या. “लवटेकाका, तुम्ही सोडा की हो!”

“वायर माज्या हातात हाय, माय! अजून काय सोडू?”

केबिनमधून मालकांचा आवाज आला, “बघा! म्हणूनच म्हणत होतो. होणार नाही ते.”

मी आजवर पुष्कळ चेहरे पाहिले आहेत. पण तेव्हा लवट्यांचा चेहरा जसा झाला तसा पाहिला नव्हता. वाघरीत रात्री एखादं मेंढरू जाळ्यात मान अडकवून उभं असतं, ओरडत नाही, नुसतं बघत राहतं, तसे ते वायर धरून उभे होते. मग अचानक म्हणाले, “त्या पाशाला फोन लावा.”

पाशाभाई म्हणजे ज्यानं अलीकडंच आमची सगळी यंत्रं बदलून नवी बसवून दिली तो. मॅडमनी स्पीकरवर फोन लावला आणि विचारलं, “पाशाभाई, फाइल बंद आहे, यंत्र बंद आहे, तरी लवट्यांचं नाव का येतं?”

“आयेंगाच ना मॅडम,” पाशाभाई निवांत म्हणाला. “सबके कंप्यूटर में एकच नाम डाल्या मैं. लवटे.”

“सगळ्यांच्या?”

“हौ. नाम पूछ रहा था वो कंप्यूटर. तुम लोगां के नामां कैसे कैसे हैं! म्याकल, यनगंदुल, कोंडापल्ली. टाइप करते करते मेरी ईद निकल जाती. लवटेसाब ने चाय पिलाए थे, छोटा नाम था, वहीच सबकू डाल दिया. काय कू, कुछ हुआ क्या?”

फोन ठेवला. आम्ही एकमेकांच्या पायांकडं बघायला लागलो. फाइल उघडी टाकून चहाला जाणारा, फाइल उघडी टाकून विड्या ओढायला जाणारा, फाइल उघडी टाकून घरीच जाणारा, असा प्रत्येक जण इतके दिवस लवट्यांच्या नावावर बिनधास्त बसलेला होता. माझं म्हणाल, तर मी बिलवाला माणूस, मला त्या फायलीचं फारसं काम नसे. एवढंच सांगून मी पुढं जातो.

लवट्यांनी वायर खाली ठेवली. खांद्यावरचा रुमाल काढला. पहिल्या टेबलाशी गेले, पडदा बघितला. फाइल बंद. त्यावर रुमाल टाकला, उचलला, दुसऱ्या टेबलाशी गेले. बंद. तिसऱ्या. बंद. गोदामातल्या कॉम्प्युटरवर बसणाऱ्यानं आपण होऊन हात वर केले, “बंद आहे काका, आईशप्पत!” 

आता एकच यंत्र उरलं होतं. मालकांचं.

केबिनमध्ये दार वाजवल्याशिवाय कुणी जात नसे. लवटे गेले. मागोमाग आम्ही, हपिस, गोदाम, दोन हमाल आणि चहावाला, एवढे सगळे त्या एवढ्याशा दारात. मालकांच्या पडद्यावर पत्त्यांचा डाव अर्धा लागला होता. लवट्यांनी माऊस घेतला, पत्ते बाजूला केले. मागं ‘प्लॅन’ उघडी होती. मघाशी लवट्यांनी बंद केल्याबरोबर बघायला म्हणून उघडलेली.

मालक पडद्याकडं बघत राहिले. लवटेही बघत राहिले. मग लवट्यांनी आपला लाल काठाचा रुमाल हळूच मालकांच्या खांद्यावर टाकला आणि म्हणाले, “मालक, तुमीच लवटे हाय.”

“म्हणजे?”

“तुमी लवटे. हे बिलवाले लवटे. म्याकल मॅडम लवटे. समदं हापिसच लवटे हाय की! मग त्यातला एक लवटे गावाला गेला, तर कुनाचं काय आडतंय?”

मालकांना हसावं की रागवावं कळेना. शेवटी त्यांनीच फाइल बंद केली. बाहेरून म्याकल मॅडम ओरडल्या, “उघडली! लवटेकाका, उघडली!”

लवटे दारातच थांबले. मला वाटलं, आनंदानं उडी मारतील. ते माझ्याकडं वळून अगदी बारीक आवाजात म्हणाले, “म्हंजी डोकं माजं जाग्यावर होतं, बिलवाले. मी उठलो की उठलेलाच होतो. मी कवाच मोकळा होतो.” आणि मग डोळे पुसायला खांद्यावर हात नेला, तर खांद्यावर रुमाल नव्हता. तो मालकांच्या खांद्यावर. मी माझ्या टेबलाच्या खणातला राणी कलरचा टॉवेल दिला. त्या ऑर्डरमधले अजून शिल्लक आहेत, कुणाला हवे असतील तर सांगा.

मी त्यांना एसटी स्टँडवर सोडायला गेलो. करमाळ्याची गाडी लागली. जत्रेची गर्दी, दारात तीच कुस्ती. लवट्यांचा हात सवयीनं खांद्याकडं गेला, एक डोळा बारीक झाला, आणि राणी रंगाचा टॉवेल खिडकीतून आत गेला. बरोबर तिसऱ्या बाकावर. मी टाळी वाजवली. पण ते दोन्ही हात मागे बांधून आत पोचेपर्यंत एक जाडजूड पाव्हणा खुशाल त्या टॉवेलावर बसून शेंगा सोलत होता.

याच गुन्ह्यासाठी लवट्यांनी एकदा एका फौजदाराला कुंभारीपासून सोलापूरपर्यंत उभं ठेवलं होतं. मी खिडकीतून ओरडलो, “लवटे, उठवा त्याला! रुमाल तुमचा आहे!”

लवट्यांनी पाव्हण्याकडं बघितलं. टॉवेलकडं बघितलं. पाव्हण्यानं सोललेल्या चार शेंगा पुढं केल्या, त्या घेतल्या.

“बसूद्या त्यांना,” ते म्हणाले. “लई बसलो, बिलवाले.”

मोहोळच्या रस्त्याला लागण्यासाठी गाडी वळली. मागच्या काचेतून आतलं सगळं दिसत होतं. कंडक्टर मागच्या बाकाकडं बोट दाखवून काहीतरी सांगत होता, बहुतेक जागा आहे, बसा म्हणत असावा. लवटे नको नको म्हणत होते. वरचा दांडा एका हातानं धरून, तोंडात शेंगा टाकत, गाडी हलेल तसे हलत ते उभे होते.